रंग सांभाळणारा माणूस : वाल्टर ब्रुख

पाल म्हटलं की आपल्याला हॉस्टेलच्या भिंतीवरची आठवते. ट्यूबलाइटमागे दबा धरून बसलेली, आपण अभ्यासाला बसलो की नेमकी चुकचुकणारी! पण एखाद्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला विचारा. तो दुसऱ्याच पालबद्दल बोलायला लागेल. ही पाल म्हणजे पी, ए, एल. फेज आल्टरनेटिंग लाइन. आपल्या देशात टीव्ही रंगीत झाला तो या पद्धतीने. ती पद्धत ज्यांनी उभी केली त्या वाल्टर ब्रुख यांची ही गोष्ट.

एडिसन, मार्कोनी, बेअर्ड ही नावं आपण शाळेपासून ऐकतो. ब्रुख हे नाव जर्मनीत घरोघरी माहीत होतं, आपल्याकडे मात्र ते पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यातही सापडत नाही. आणि तरी 1987 साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा रामलक्ष्मणांची भगवी वस्त्रं मुंबईच्या फ्लॅटमध्ये जशी भगवी दिसली, तशीच मराठवाड्यातल्या खेड्यात, बांबूला बांधलेल्या अँटेनावरही भगवीच दिसली. हिरवी किंवा जांभळी झाली नाहीत. यामागे या माणसाचं डोकं होतं.

मला त्यांचा शोध लागला तो व्हिडिओ गेममुळे. आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक जुना, मागून फुगलेला पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. कोणीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर घरून जुना कॅसेटवाला गेम आणला. तोच तो, मारिओ आणि कॉन्ट्रावाला. नवीन एलईडी टीव्हीला लावला तर चित्र पुसट, आणि बटण दाबल्यावर मारिओ अंमळ उशिराच उडी मारणार. जुन्या टीव्हीला लावला आणि सगळे बघतच राहिले. कडा जिवंत, रंग भरलेले, बटणाला हात लागताच उडी. असं का, हे शोधता शोधता मी या गृहस्थांपर्यंत पोचलो.

ब्रुख यांचा जन्म 2 मार्च 1908 चा, जर्मनीच्या फाल्ट्स भागातल्या नॉयश्टाट या गावचा. द्राक्षाच्या मळ्यांचा मुलूख. त्यांचं तांत्रिक शिक्षण झालं ते मिटवाइडा नावाच्या लहानशा गावातल्या तंत्रशाळेत. जिल्ह्याच्या गावात शिकून काय होणार म्हणून उसासे टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं! पुढे ते बर्लिनला गेले. तिथे डेनेश फॉन मिहाली आणि मानफ्रेड फॉन आर्डेने या टीव्हीच्या क्षेत्रातल्या दोन पट्टीच्या संशोधकांकडे त्यांनी उमेदवारी केली. 1935 मध्ये टेलेफुंकन कंपनीच्या टीव्ही विभागात नोकरी लागली.

पुढच्याच वर्षी बर्लिनला ऑलिंपिक भरलं. जर्मनीत तेव्हा हिटलरची सत्ता होती आणि त्याला जगासमोर मिरवायचं होतं. स्टेडियममध्ये टेलेफुंकनचा एक प्रचंड इलेक्ट्रॉनिक कॅमेरा ठेवला होता. त्याचं भिंग एवढं लांब आणि जाड की लोक त्याला तोफ म्हणायचे. त्या तोफेमागे 28 वर्षांचे ब्रुख उभे होते. चित्र फक्त 180 रेघांचं. घरोघरी टीव्ही नव्हते, म्हणून बर्लिनमध्ये ठिकठिकाणी टीव्ही बघण्याच्या खोल्या उघडल्या होत्या. लोक तिथे गर्दी करून खेळ बघत होते.

इथे मला दुसऱ्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्याच फाल्ट्स भागात राल्फ बेअर नावाचा मुलगा जन्मला. ऑलिंपिकच्या वर्षी तो 14 वर्षांचा होता. ज्यू असल्यामुळे त्याला शाळेतून काढलं गेलं होतं. 1938 मध्ये त्याचं कुटुंब जीव वाचवून अमेरिकेला निघून गेलं. तिथे त्याने कारखान्यात काम करता करता पत्राद्वारे रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि पुढे टेलिव्हिजन इंजिनिअरिंगची पदवी घेतली. हाच मुलगा पुढे घरगुती व्हिडिओ गेमचा जनक ठरला. त्याच्याकडे परत येऊच. एकाच मुलखातली दोन माणसं. एक सत्तेच्या कॅमेऱ्यामागे, दुसरा त्याच सत्तेने हाकलून दिलेला. आणि दोघांचं काम शेवटी येऊन भेटलं ते टीव्हीच्या मागच्या सॉकेटमध्ये!

युद्ध सुरू झालं. बाल्टिक समुद्राकाठी पेनम्युंडे इथे जर्मनांचे व्ही-2 रॉकेट तयार होत होते. रॉकेट उडताना जवळ उभं राहणं म्हणजे मरण. म्हणून ब्रुख यांनी तिथे कॅमेरे बसवले आणि केबलने चित्र दूर सुरक्षित जागी नेलं. आज आपण ज्याला सीसीटीव्ही म्हणतो त्याचा हा पहिला वापर असं नेहमी सांगितलं जातं. तंत्र म्हणून कौतुक वाटावं असंच. पण ते रॉकेट पुढे लंडन आणि अँटवर्पच्या वस्तीवर पडले. ते बनवणाऱ्या भुयारी कारखान्यात छळछावणीतले हजारो कैदी मेले. ब्रुख यांचं चरित्र सांगताना पुष्कळ ठिकाणी हे एका ओळीत उरकतात. मला ते बरोबर वाटत नाही. आपण प्लेसमेंटला बसतो तेव्हा पॅकेज विचारतो. आपला कॅमेरा कशाकडे रोखलेला असेल, हे सहसा विचारत नाही. 30 वर्षांच्या आसपासच्या त्या हुशार इंजिनिअरने ते विचारलं असतं तर, हा प्रश्न वाचणाऱ्याने स्वतःलाही घालून बघावा.

युद्धात जर्मनी हरली, बर्लिन मोडून पडलं. 1950 मध्ये ब्रुख पुन्हा टेलेफुंकनमध्ये आले, या वेळी हॅनोव्हर शहरात. काम होतं घरात ठेवायचे टीव्ही बनवण्याचं. पश्चिम जर्मनीत 1952 च्या नाताळात नियमित प्रक्षेपण सुरू झालं, अर्थात काळं-पांढरं. तिकडे अमेरिकेने 1953 मध्येच एनटीएससी नावाची रंगीत पद्धत मंजूर केली होती. तिच्यात एक मोठी खोट होती, आणि ब्रुख यांच्या आयुष्याचं मुख्य काम त्या खोटीतूनच सुरू झालं.

थोडं टेक्निकल बोलू, पण मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये! टीव्हीच्या सिग्नलमध्ये उजेडाची माहिती वेगळी असते आणि तिच्यावर रंगाची एक लहर बसवलेली असते. ही लहर किती उंच, यावरून रंग किती गडद ते ठरतं. आणि तिची फेज, म्हणजे ती किती अंश पुढे-मागे सरकली, यावरून रंग लाल की निळा ते ठरतं. आता टॉवरवरून निघालेला सिग्नल डोंगरावर आपटतो, इमारतीवरून परततो, केबल आणि ॲम्प्लिफायरमधून जातो. प्रत्येक ठिकाणी फेज थोडी थोडी सरकते. फेज सरकली की रंग बदलला. माणसाचा चेहरा कधी हिरवट, कधी जांभळट. म्हणून अमेरिकन टीव्हीला टिंट नावाचं बटण असायचं आणि घरातलं कोणीतरी उठून चेहरे सरळ करत बसायचं. एनटीएससी या अक्षरांचा अर्थ कधीही एकसारखा न येणारा रंग, अशी चेष्टा इंजिनिअर मंडळीच करायची.

यावर सरळ उपाय म्हणजे वाट सुधारा, चांगल्या केबल टाका, चांगले टॉवर बांधा. ब्रुख यांनी उलटा विचार केला. वाटेत सिग्नल बिघडणारच, हे त्यांनी धरूनच चालायचं ठरवलं.

आपल्या आडत बाजारातलं उदाहरण घेऊ. समजा तराजूत खोट आहे, एक बाजू जड आहे. तूर आधी डाव्या पारड्यात ठेवून मोजा, मग उजव्या पारड्यात ठेवून मोजा. एकदा वजन जास्त येईल, एकदा तेवढंच कमी. दोन्हींची सरासरी काढली की वजन खरं! तराजू दुरुस्त करायची गरजच नाही. पालचं मर्म हेच. टीव्हीचं चित्र रेघारेघांनी काढलं जातं. ब्रुख यांच्या पद्धतीत रंगाच्या सिग्नलचा एक भाग दर एक रेघ सोडून उलटा करून पाठवतात. टीव्हीत तो परत सुलटा होतो. वाटेत जी फेज 20 अंशांनी एका बाजूला सरकली, ती पुढच्या रेघेत 20 अंशांनी दुसऱ्या बाजूला सरकलेली सापडते. दोन्ही रेघांची सरासरी घेतली की चूक चुकीला खाऊन टाकते. रंग जिथल्या तिथे. फक्त गडदपणा थोडा उतरतो. किती? कोसाइन 20 अंश, म्हणजे 0.94. सहा टक्के फिका. डोळ्याला कळतही नाही. चेहरा हिरवा होण्यापेक्षा किंचित फिका झालेला परवडला की नाही?

अडचण एकच होती. सरासरी काढायची तर आधीची रेघ पुढची येईपर्यंत कुठेतरी धरून ठेवायला हवी. एक रेघ 64 मायक्रोसेकंदांची. तेव्हा मेमरी चिप कुठल्या! केबलमधून सिग्नल सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. तेव्हा 64 मायक्रोसेकंदांचा उशीर करायचा तर सुमारे 13 किलोमीटर केबल लागेल, म्हणजे धाराशिवहून तुळजापूरच्या साधारण निम्म्या वाटेपर्यंत. प्रत्येक टीव्हीत! यावर उपाय होता काचेचा. विजेचा सिग्नल आवाजाच्या लहरीत बदलायचा, काचेच्या तुकड्यातून पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला परत वीज करायची. आवाज विजेपेक्षा कितीतरी हळू जातो, म्हणून काही सेंटिमीटर काच पुरते. ऐंशीच्या दशकातला रंगीत टीव्ही आमच्या लॅबच्या मामांनी उघडून दाखवला, तेव्हा त्यात ही चपटी डिले लाइन मी डोळ्यांनी बघितली. पुढच्या टीव्हींत तिची जागा आयसीने घेतली.

हे सगळं एकट्या ब्रुख यांच्या डोक्यातून आलं असं मात्र नाही. फेज आलटून पालटून पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेत हेझेल्टाइन कंपनीच्या बर्नार्ड लॉफलिन यांनी आधी केला होता. फ्रान्सच्या आंरी द फ्रान्स यांनी आपल्या सेकॅम पद्धतीत रेघ धरून ठेवण्याची युक्ती वापरली होती. ब्रुख यांनी या दोन गोष्टी जोडल्या आणि घरात परवडेल असा टीव्ही त्यातून उभा केला. नवीन शोध म्हणजे आकाशातून काहीतरी पडणं असं आपल्याला वाटतं. प्रोजेक्टचा विषय शोधताना तर फारच! जुन्या दोन गोष्टी नीट समजून घेऊन जोडणं हेही केवढं मोठं काम असतं, ते इथे दिसतं.

1962 च्या 31 डिसेंबरला पेटंटचा अर्ज गेला. जग नववर्षाच्या तयारीत आणि हे कागदपत्रांत! 3 जानेवारी 1963 ला हॅनोव्हरमध्ये युरोपभरच्या प्रक्षेपण तज्ज्ञांसमोर पालचं प्रात्यक्षिक झालं. मग सुरू झाली रंगांची लढाई. फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया सेकॅमच्या बाजूला, पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन पालच्या. त्यात तंत्र किती आणि राजकारण किती, हे सांगणं कठीण. ब्रुख देशोदेशी जाऊन प्रात्यक्षिकं देत राहिले. 25 ऑगस्ट 1967 रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी बटण दाबून पश्चिम जर्मनीचा रंगीत टीव्ही सुरू केला. गंमत म्हणजे बटण दाबण्याच्या क्षणभर आधीच चित्र रंगीत झालं. ते बटण नुसतं शोभेचं होतं!

पद्धतीला स्वतःचं नाव का दिलं नाही, असं त्यांना विचारलं जायचं. जर्मन भाषेत ब्रुख म्हणजे मोडतोड. मोडतोड पद्धतीचा टीव्ही कोण विकत घेणार, असं ते हसत सांगत.

भारतात टीव्ही आला 1959 मध्ये दिल्लीला, मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. रंग आला 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, आणि आपण पाल पद्धत निवडली. 625 रेघा, सेकंदाला 25 पूर्ण चित्रं.

आता राल्फ बेअरकडे येऊ. 1966 मध्ये अमेरिकेतल्या एका संरक्षण कंपनीत काम करताना त्यांच्या मनात आलं की घराघरांत पडलेल्या एवढ्या टीव्हींवर नुसतं बघायचंच का? खेळताही आलं पाहिजे. त्यांनी चार पानांचं टिपण लिहिलं. त्यातून 1972 मध्ये मॅग्नावॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती गेम बाजारात आला. त्याची वायर जायची टीव्हीच्या अँटेनाच्या जागी. गेम म्हणजे टीव्हीच्या लेखी एक छोटंसं प्रक्षेपण केंद्रच! 1983 मध्ये जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिली कॉम्प्युटर आला आणि त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात कॅसेटसह मिळू लागल्या. आपल्याकडच्या गेमची चिप पाल सिग्नल काढते. म्हणजे कॉमन रूममधला मारिओ हा जपानी प्लंबर, जर्मन रंगात, धाराशिवात!

हे कळल्यावर चित्र उत्तम कसं मिळवायचं तेही कळतं. नियम एकच. सिग्नलला जेवढ्या कमी वेळा एकत्र करून परत वेगळं करावं लागेल तेवढं बरं.

गेमला अँटेनाची वायर आणि पिवळी-पांढरी एव्ही वायर असं दोन्ही असेल तर एव्हीच लावा. अँटेनाच्या वाटेने चित्र आणि आवाज आधी एका चॅनेलवर चढवतात, मग टीव्ही ते उतरवतो. या चढउतारात मुंग्या येतात. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्रच असतात, म्हणून कडांवर ठिपके सरकताना दिसतात. चार पिनांच्या गोल एस-व्हिडिओत ते वेगळे असतात. हिरव्या-निळ्या-लाल कंपोनंट वायरीत रंगाचे भागही वेगळे. प्लेस्टेशन 2 ला कंपोनंट वायर लावून बघा, फरक लगेच दिसतो. पण कॅसेटवाल्या गेमवर महागड्या वायरीचे पैसे घालवू नका. त्याची चिप आतच सगळं एकत्र करून बाहेर काढते. विहिरीतच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

पिवळी वायर 75 ओहमची, शील्ड असलेली घ्या. एकाच वायरीला जोड देऊन दोन टीव्ही चालवू नका, चित्र काळवंडतं. आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील तर बहुधा ॲडॉप्टर स्वस्तातला आहे. चित्र काळं-पांढरं येत असेल तर टीव्हीच्या मेनूत सिस्टिम ऑटो किंवा पालवर आहे का बघा. परदेशी गेम एनटीएससीचा असू शकतो. शार्पनेस कमी करा. आणि जुना गेम एलईडीवर पुसट का? गेम एक सलग चित्र देतो. ते दोन अर्ध्या चित्रांचं आहे असं समजून बरेच नवीन टीव्ही ते जोडत बसतात. त्यात वेळ जातो आणि कडाही जातात. पिक्चर ट्यूब जोडाजोड करत नाही, आलेली रेघ तिथल्या तिथे काढते. बदकं मारायची बंदूकही म्हणूनच एलईडीवर चालत नाही.

एक इशारा. पिक्चर ट्यूबमध्ये 20 हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो टिकून राहतो. एकट्याने टीव्ही उघडायचा नाही, मामा किंवा सर सोबत असल्याशिवाय तर नाहीच.

ब्रुख यांचं निधन 5 मे 1990 ला हॅनोव्हरमध्ये झालं. डिजिटल टीव्हीने त्यांची पद्धत नंतर मागे टाकली. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटरही 2022 पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. पण गावाकडे फ्री डिशचा डबा जुन्या टीव्हीला तीन वायरींनी जोडलेला असतो. त्यातल्या पिवळ्या वायरीतून आजही पाल धावते.

आमच्या हॉस्टेलचा तो टीव्ही यंदा भंगाराच्या यादीत लागला आहे. त्याच्या काचेत शिसं असतं, त्यामुळे तो फुटून कुठल्या तरी नाल्यात जाणं वाईटच. पण माझी रेक्टर सरांना आणि विभागप्रमुखांना विनंती वेगळी आहे. तो आमच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये एका कोपऱ्यात ठेवावा, सोबत तो गेम आणि एक ऑसिलोस्कोप. फेज, डिले, मॉड्युलेशन हे शब्द आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. ते त्या पडद्यावर डोळ्यांनी दिसतात. सबमिशनच्या फायली भरून जे कळत नाही ते मारिओची टोपी बघून कळेल, याची मला खात्री आहे.

आपलं काम ज्या वाटेने जाणार ती वाट खराबच असणार. लाइट जाणार, वायर ढिली असणार, माणसं चुकणार. तरी पलीकडे रंग बरोबर पोचला पाहिजे, ही सोय सिग्नलमध्येच करून ठेवायची, हे ब्रुख यांनी शिकवलं. आणि तो सिग्नल कोणासाठी पाठवतोय, हे मात्र ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. त्याला डिले लाइन नाही.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन